काचेवरचा करवती काठ

कौसल्येचे पाय एका जागी ठरत नसत. हा काही आजार नव्हता, पण मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी तो आजारासारखाच धरला होता. पाटावर बसवली की आधी तिच्या उजव्या पायाचा अंगठा निऱ्यांखाली हलायचा, मग पाऊल, मग गुडघा. आणि हातात चहाचा ट्रे असला तर कपबश्याही साथ द्यायच्या. "पाय हलवणारीच्या घरात लक्ष्मी ठरत नाही," असं मौद्याहून आलेली एक आत्याबाई तोंडावर म्हणून गेली होती. बाकीच्या स्थळांनी तोंडावर म्हटलं नाही, एवढाच त्यांचा चांगुलपणा.

आता पायांचा तरी काय दोष? नागपुरातल्या गोळीबार चौकामागची ती गल्ली विणकरांची. तिथे गल्लीभर काठ्या रोवून ताणा घालायचा, म्हणजे लुगड्याचे उभे धागे लांब पसरायचे, आणि हातात सूत घेऊन त्या काठ्यांमधून आतबाहेर करत चालायचं. जायचं, वळायचं, यायचं, वळायचं. कौसल्या परकर नेसायची तेव्हापासून हेच करत आली होती. जन्मभर चालायला शिकवलेल्या पायांना एके दिवशी नवी साडी नेसवून 'आता बसा' म्हटलं, तर ते कसे ऐकतील? तिच्या पोटऱ्याही चालून चालून घट्ट झालेल्या. त्या मात्र साडीखाली असत, म्हणून त्यांच्याबद्दल कोणी काही म्हटलं नव्हतं. मनातल्या मनात तीच म्हणत असे.

तिच्या बापानं, बळीरामनं, स्वतःचा माग केव्हाच विकून टाकला होता आणि सदरमधल्या गुलाबचंद शेठच्या लिलावघरात तो सामान उचलायचं काम करत होता. इंग्रज गेले त्याला वीसपंचवीस वर्षं झाली, पण त्यांच्यामागे राहिलेली रेल्वेतली अँग्लो-इंडियन कुटुंबं अजून एकेक करून जातच होती, कोणी विलायतेला, कोणी ऑस्ट्रेलियाला. त्यांची कपाटं, आरसे, पियानो, बिनदांड्याच्या किटल्या, सगळं गुलाबचंदकडे येई आणि बोली लागून नागपूरभर पांगे. एका चित्राला मात्र बोलीच लागली नाही. पाण्याच्या रंगातलं, शंभरेक वर्षांचं, कागद पिवळा पडलेला, एका कोपऱ्यात तपकिरी डाग. "टांग लेना घर में, बळीराम," शेठ म्हणाले, आणि चित्र गल्लीत आलं.

चित्रात एक बाई पळता पळता वाकली होती. अंगावर फिक्या गुलाबी रंगाचं पातळ वस्त्र, केस सुटलेले, मागचा पाय अजून हवेतच, आणि एक हात जमिनीकडे. जमिनीवर सोन्याच्या रंगाचं एक गोल फळ. आणि पुढे, चित्राच्या अगदी कडेला, कोणा पुरुषाची एक टाच आणि उडालेलं धोतरासारखं काहीतरी. तो पुढे निघून चालला होता.

"ग्रीक देशातली पोरगी आहे," बळीराम जेवता जेवता सांगू लागला. ही गोष्ट त्याला शेठनी सांगितली होती, आणि शेठना ती चित्र विकायला आलेल्या मडमेनं. "नाव अटलांटा. भल्ली पळे. बाप म्हणे, लग्न कर. ते म्हणे, मले पळण्यात हरवन त्याच्याशी करीन. अन् हरला त्याचं मुंडकं उडवायचं."

"माय वं. अन् तरी येत पोट्टे?" कौसल्येची आई चंद्रकला म्हणाली. घरात लग्नाची मुलगी असलेली बाई. तिचं लक्ष बरोबर तिथेच गेलं.

"येत ना. मंग एक आला हुशार. त्याच्यापाशी सोन्याची सफरचंदं. पळता पळता एक टाके, हे पोरगी वाकून उचले. पुन्हा टाके, हे पुन्हा वाके."

"मंग?" कौसल्येनं विचारलं.

"मंग गिऱ्हाईक आलं. शेठजी उठून गेले."

गोष्ट तिथेच राहिली. चंद्रकलेला तिचं काही पडलं नव्हतं. तिच्या पुढे दोन अडचणी होत्या. एक म्हणजे ते सफरचंद मुळीच नव्हतं. नागपुरात जन्म काढलेल्या माणसाला कळतं की ते संत्रं होतं. आणि दुसरी म्हणजे त्या बाईची मांडी. वाऱ्यानं वस्त्र मागे गेलेलं, आणि गुडघ्याच्या वरपर्यंत पाय उघडा. "हे असं माझ्या भिंतीवर नाही लागणार," ती म्हणाली. पण फ्रेम चांगली होती, सागवानी होती. तेव्हा तिनं एका जुन्या लुगड्याचा करवती काठ कापला, करवतीच्या दातांसारखी टोकं असलेला, आपल्या नागपूरकडचा, लाल आणि काळा, आणि बरोबर मांडीच्या जागी काचेवर खळीनं चिकटवून टाकला. त्या दिवसापासून अटलांटेनं नागपुरी काठाचं पातळ नेसलं. दिसलंही बरं.

मग उमरेडचं स्थळ आलं.

मुलगी बघण्याच्या दिवशी भिंतीवर 'मुलीच्या हातचं' टांगायची तेव्हा रीतच होती. त्यासाठी शेजारच्या सिंधूताई हजर असत. स्थळं आणायची त्या, मंडळी आली की बोलायच्या त्या, आणि भिंत सजवायच्याही त्याच. त्यांचा मण्यांचा हिरवा पोपट गल्लीतल्या कितीतरी पोरींच्या हातचा होऊन गेला होता. शेवटी शेपटीचे मणी गळाले तरी त्याचं काम थांबलं नव्हतं.

उमरेडहून मधुकर आला होता आणि त्याची विधवा आई रंभाबाई. मधुकर तिथल्या विणकर सोसायटीत होता. सूत न्यायला आठवड्याच्या आठवड्याला नागपुरात येई. दिसायला साधा, कानात थोडी लव, बोलणं कमी. रंभाबाई बारीक, तरतरीत. पण त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. त्या चहाचा कपसुद्धा हातानं चाचपून घेत होत्या. भिंतीकडे बघायचं म्हणून त्या उठल्या, आणि पोपटाला, शेजारच्या भरतकामाच्या रुमालाला ओलांडून थेट त्या चित्रापाशी गेल्या. नाक काचेला लागेस्तोवर जवळ.

"संत्रं आहे ना हे?" त्यांनी विचारलं.

"हो," चंद्रकला म्हणाली.

"पडलेलं उचलून राहिली वाटते. अन् काठ? काठ तर आपला आहे."

आता इथे सिंधूताईंनी गप्प बसायला हवं होतं. पण वर्षानुवर्षांच्या सवयीनं त्यांचं तोंड त्यांच्या आधी बोललं. "मंग? आमच्या पोरीनंच काढलं. काठ सोडून काढन का थे? कोष्ट्याची पोरगी आहे."

बळीरामनं खिडकीबाहेर बघितलं. चंद्रकलेनं पोह्यांवर खोबरं घातलं, जे आधीच घातलेलं होतं. कौसल्येचा अंगठा हलायचा थांबला. ती इतकी हादरली होती.

रंभाबाई मागे वळल्या. "लोकं झाडावरचं ओरबाडतात," त्या म्हणाल्या. "हे खाली पडलेलं वाया जाऊ देत नाही. अशी पोरगी घर धरून राह्यते. मले पसंत आहे."

म्हणजे बघा. ज्या वाकण्यापायी ती ग्रीक पोरगी मागे पडत होती, त्याच वाकण्यापायी कौसल्या पसंत पडली.

हे तिथेच संपलं असतं तरी चाललं असतं. भिंतीवरचं खोटं भिंतीपुरतं असतं. पण जाताना दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे गल्लीत ताणा लागलेला होता. आलेले पाहुणे नेहमी धागे वर धरायला लावून दिमाखात जात. मधुकर मात्र न बोलता खाली वाकला, पायांतल्या चपला हातात घेतल्या, आणि धाग्याला डोक्याचा केसही लागू न देता पलीकडे गेला. मग आईला हात धरून तसंच काढलं. कौसल्येनं ते दारामागून बघितलं आणि तिला तो माणूस हवासा वाटला. या आधी तिला कोणी हवंसं वाटायची वेळच आली नव्हती. दर वेळी 'नाही' आधी यायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे रंभाबाई ताण्यापलीकडून म्हणाल्या, "पोरी, आमच्या घरासाठी बी एक असंच काढून ठेव. माह्या डोळ्यांचं ऑपरेशन आहे धंतोलीत. पट्टी सुटली का पहिले तेच पाहीन."

*

मग कौसल्येला बसवेनाच. आधी निदान पाय हलत. आता सगळी कौसल्याच घरभर हलत होती. पाण्याला जाई आणि बादली तिथेच विसरून येई. ताण्यावर चालताना इतकी भरभर चाले की पलीकडच्या बायकांना तिच्यामागे पळावं लागे. "काहून वं, कोण मागं लागलं?" त्या हसत. हसणाऱ्यांना काय माहीत.

"काही नाही होत," सिंधूताई म्हणाल्या. "थे म्हातारी विसरून जाईन."

"म्हाताऱ्या काहीच विसरत नाहीत," चंद्रकला म्हणाली. ती स्वतः पन्नाशीला आली होती आणि तिला अनुभव होता.

शेवटी कौसल्येनं महाल भागातल्या दुकानातून शाळेच्या पोरांची रंगाची डबी आणली, एक कुंचला, जाड कागद. म्हटलं, एवढं मोठं काय आहे? एक बाई, एक संत्रं. संत्रं पहिल्या झटक्यात जमलं. बाईचं डोकंही कसंबसं जमलं, कारण केस मोकळे होते आणि केसांत पुष्कळ लपतं. पण पाय? पळणारा पाय काही केल्या पळेना. एकदा तो बगळ्याचा झाला, एकदा पलंगाचा. आणि मूळ चित्रात बघावं तर नेमका काठ आडवा. तेव्हा आई बाजारात गेलेली बघून तिनं ओलं फडकं घेतलं, काठ भिजवला, आणि हलकेच सोलून काढला.

पाय तिनं तेव्हा पहिल्यांदा नीट बघितला. घट्ट होता तो. मांडीपासून पोटरीपर्यंत एकच पाण्याचा फराटा मारलेला, एका बाजूला गडद, आणि तेवढ्यात सगळं बळ आलेलं. तो पाय काढणाऱ्याला लाज वाटली नव्हती, तिच्या दृष्टीनं हे नवल होतं. तिनं दाराला कडी लावली, आपली साडी गुडघ्यावर घेतली, आरसा जमिनीवर ठेवला आणि बराच वेळ आपलाच पाय बघत बसली. बसली म्हणजे, तिच्या मानानं बसली.

त्या दिवशी तिनं आणखी तीन कागद बिघडवले. तिसऱ्यातला पाय थोडा पळू लागला होता, पण बाकीची बाई त्याला धरून ठेवत होती. रंग संपले. संध्याकाळी आईनं काठ निघालेला बघितला, काही न बोलता पुन्हा खळ केली आणि दुसरा तुकडा चिकटवला.

"माय, हे जमत नाही."

"मले मालूम आहे. मले का दिसत नाही?"

"मंग काय करू?"

"हेच देऊन टाकू. म्हणू, दुसरं काढलं, पहिल्यासारखंच झालं." चंद्रकलेनं खळीचं बोट लुगड्याला पुसलं. "तुझ्या बापाले दिलेलं फुकटचं चित्र. पोरीचं लग्न होत असन तर त्याचं सोनं झालं."

पुढच्या आठवड्यात मधुकर सूत न्यायला आला आणि वाकडी वाट करून गल्लीत डोकावला. निरोप होता. आईचं ऑपरेशन झालं, चांगलं झालं, एका डोळ्याचंच केलं पण पट्टी दोन्हींवर आहे. मान हलवायची नाही, खोकायचं नाही, हसायचं नाही. साखरपुडा पट्टी सुटल्यावर. "अन् ते चित्र," तो म्हणाला, "ते झालं असन तर... आईनं अख्ख्या वॉर्डाले सांगून ठेवलं आहे. उमरेडातही सांगतलं."

चंद्रकलेनं चहा टाकायला जाता जाता लेकीकडे बघितलं. गप्प राहा, असं ते बघणं होतं. पण कौसल्या त्याला पोचवायला ताण्याच्या टोकापर्यंत गेली, आणि तिथे रिकाम्या काठ्यांपाशी तिनं एका दमात सांगून टाकलं. चित्र माझं नाही. बाबांनी लिलावघरातून आणलं. ती बाई परदेशातली आहे, संत्रंसुद्धा संत्रं नाही. मला चित्र काढता येत नाही, मी करून पाहिलं.

मधुकर ऐकत राहिला. मग त्यानं गल्लीच्या दोन्ही बाजूंना बघितलं. "आणखी कोणाले मालूम आहे?"

"आमच्या घरचे. सिंधूताई."

"मंग राहू द्या," तो हळूच म्हणाला. "आईले सांगू नका. हेच चित्र नेऊन देऊ."

"अन् मंग? लग्नानंतर कोणी म्हणन, आमच्यासाठी बी काढ?"

"म्हणायचं, हात दुखते."

"कायम?"

"लोकं विसरतात," तो म्हणाला. रागावला नव्हता, उलट त्याच्या आवाजात माया होती, आणि म्हणूनच कौसल्येला आधी हायसं वाटलं. वाटलं, सुटले. तो गेला, ती घरी आली, भाकरी टाकायला बसली, आणि पहिली भाकरी उलटायच्या आत तिच्या लक्षात आलं की सुटलेली नाही. हात दुखतो म्हणायचं. दिवाळीला दुखतो, संक्रांतीला दुखतो, नणंदेच्या पोरीच्या बारशाला दुखतो. चांगल्या धडधाकट हाताला जन्मभर दुखवत ठेवायचं, आणि ज्या घरात जायचं तिथे तिच्या आधीच एक दुसरी कौसल्या जाऊन बसलेली असायची, चित्र काढणारी, पडलेलं उचलणारी, घर धरून राहणारी. तिच्या पाठीमागून हिनं स्वयंपाक करायचा.

आणि खरं सांगितलं तर? खरं सांगितलं तर बहुधा तो ताण्याखालून वाकून जाणारा माणूस जाईल. हेही तिला कळत होतं. भाकरी करपली.

*

सकाळी ती चित्र जुन्या लुगड्यात गुंडाळून निघाली. आईला वाटलं, नेऊन द्यायला चालली. तिनं काही विचारलं नाही, फक्त "रिक्षानं जा" म्हणाली. कौसल्या पायीच गेली. कॉटन मार्केटच्या गाड्यांमधून, स्टेशनच्या बाजूनं, धंतोलीत पोचली तेव्हा तिच्या कपाळावर थंडीतही घाम होता. धंतोलीत दर दुसऱ्या घरावर डॉक्टरची पाटी. कुहीपासून, भंडाऱ्यापासून आलेले लोक फाटकाशी डबे घेऊन बसलेले. डोळ्यांचा दवाखाना तिनं विचारत विचारत शोधला.

रंभाबाई खाटेवर उताण्या पडल्या होत्या. दोन्ही डोळ्यांवर पांढरी पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या. मधुकर डबा आणायला गेला होता.

"मावशी, मी कौसल्या."

"मले पावलं ऐकूनच समजलं. इतकं भरभर नर्सबी चालत नाही. बस. चित्र आणलं का वं?"

कौसल्येला वाटलं, आता ठेवावं आणि निघावं. पाय तर दाराकडेच वळले होते. तिनं लुगडं सोडलं आणि फ्रेम रंभाबाईंच्या हाताखाली दिली. रंभाबाईंची बोटं सागवानी चौकटीवरून फिरली, काचेवर आली, मधे येऊन थांबली. तिथे चाचपत राहिली.

"हे काय? काचेवर काठ? चिकटवला?"

"हो."

"काहून?"

एवढं खरं सांगायला सोपं होतं. "तिचा पाय उघडा आहे. म्हणून मायनं लावला."

रंभाबाईंच्या ओठांची कड हलली, पण हसायची बंदी होती. "अन् तू का वं, पाय उघडा काढला?"

"मी नाही काढला," कौसल्या म्हणाली.

मग बाकीचं आपोआप आलं. सांगताना तिचा आवाज लहान झाला नाही, याचं तिला स्वतःलाच नवल वाटलं. लिलावघर, शेठ, मडम. सिंधूताई बोलल्या, आणि मी गप्प बसले, ते माझंच. रंगाची डबी आणली, पाय जमला नाही. शेजारच्या खाटेवरची बाई कूस बदलून इकडे तोंड करून पडली, कारण असं दवाखान्यात रोज ऐकायला मिळत नाही.

डोळे झाकलेल्या माणसाचा राग बघायला कुठे बघावं, हे कौसल्येला कळेना. ती त्यांच्या हाताकडे बघत राहिली. हात चौकटीवर होता, घट्ट.

"मधूले मालूम आहे?"

कौसल्येनं सोडलेल्या लुगड्याची घडी घालायला घेतली. यावर ती काही बोलणार नव्हती.

"म्हणजे आहे."

दारात मधुकर डबा घेऊन उभा होता. त्यानं चित्र बघितलं, कौसल्येकडे बघितलं, आणि डबा उगीच या हातातून त्या हातात घेतला.

"ये गा," रंभाबाई म्हणाल्या. त्यांनी त्यालाही पावलांवरून ओळखलं होतं. "या पोरीनं मले सगळं सांगतलं. तुलेही सांगतलं होतं ना?"

"हो."

"मंग तू काय म्हटलं तिले?"

मधुकरनं घसा साफ केला. "गप राहा म्हटलं."

"काहून?"

"भेव वाटलं."

"कायचं? मी मारीन?"

"तू मोडशील म्हणून," तो म्हणाला. मान खाली घालून, पण ऐकू येईल असं. "मले मोडू द्यायचं नव्हतं."

शेजारच्या खाटेवरच्या बाईनं एक लांब श्वास सोडला. कौसल्या त्याच्याकडे बघू शकली नाही. काल त्या माणसाचा तिला राग आला होता, आणि आता त्या रागाखालून दुसरंच काही निघत होतं. पण राग होता तिथेच होता. दोन्ही एकदम कसं असतं, हे कोणी शिकवलं नव्हतं.

"गधा," रंभाबाई शांतपणे म्हणाल्या. "मोडू नये म्हणून तिले जन्मभर खोटं बोलायले लावतो? बोलणार ते, निभावणार ते, अन् तुझं काय? तू सोसायटीत." मग त्या कौसल्येकडे वळल्या, म्हणजे मान हलवायची नव्हती, नुसता आवाज वळला. "तू बी काही कमी नाहीस. त्या दिवशीच बोलली असती तर माह्या जिभेले आराम झाला असता. साऱ्या वॉर्डाले सांगत बसली मी, माही सून चित्रं काढते."

"चुकलं, मावशी."

"चुकलंच. ते पोरगी कोण म्हणे? परदेशातली?"

कौसल्येनं गोष्ट सांगितली. पळणारी मुलगी, मुंडकी उडालेले नवरे, सोन्याची फळं. रंभाबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. नवऱ्यांच्या मुंडक्यांपाशी त्यांना फारच समाधान वाटलं.

"मंग? हरली?"

"बाबा म्हणतात, शेठजींनी पुढचं सांगतलं नव्हतं. मी काल पुन्हा विचारलं, तर म्हणे, लग्न झालं एवढं मालूम आहे."

"म्हणजे हरली का जिंकली?"

"लग्न झालं," कौसल्या म्हणाली. "एवढंच."

रंभाबाईंच्या पोटातून हसू आलं. त्यांनी ते दाबलं, ते पुन्हा आलं, आणि खाट हलायला लागली. नर्स धावत आली. "आजी, टाके तुटतील. कोण हसवतंय यांना?" वॉर्डानं एकमतानं कौसल्येकडे बोट केलं.

नर्स गेल्यावर रंभाबाई थकून पडल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "मले वाटते, ते काही सोन्यासाठी वाकली नसन. इतकी पळणारी पोरगी. तिले दिसत नव्हतं का, हा काहून टाकून राहिला? तिले तो आवडला असन. म्हणून वाकली. लोकं म्हणत बसले, सोनं पाहून भुलली."

हे ना शेठनी म्हटलं होतं, ना बापानं. तिला एकदम ते चित्र वेगळ्याच बाजूनं दिसलं, आणि ते भिंतीवर नव्हतं, म्हातारीच्या पोटावर होतं.

"माहं ऐक," रंभाबाई म्हणाल्या. "मी तुले पसंत केलं ते चित्रावरून केलं, खोटं कशाले बोलू? आता चित्र तर गेलं. पण तू एवढ्या लांबून पायी आली अन् माह्यासारख्या आंधळीले खरं सांगून गेली. न सांगती तर मले जन्मात समजलं नसतं. तेव्हा माहं हो आहे. आता तू सांग. हा तुले पाहिजे का? ज्यानं तुले गप राहा म्हटलं, तो?"

मधुकर डबा धरून उभाच होता. तिच्याकडे बघत होता.

आजवर जी जी मंडळी आली, त्यांतल्या कोणी हा प्रश्न कौसल्येला विचारला नव्हता. तिला वाटायचं, कोणी विचारलं तर आपण चटकन हो म्हणू. आता विचारलं, तर हो जिभेवर येऊन उभं राहिलं आणि पुढे सरकेना.

"उद्या सांगते," ती म्हणाली.

"सांग. मी कुठी चालली? मले तर मान बी हलवता येत नाही."

कौसल्येनं चित्र उचलून पुन्हा लुगड्यात बांधलं. रंभाबाईंनी ते सोडलं, पण काठावरचं बोट जरा उशिरा उचललं. वॉर्डातल्या बायकांनी तिला जाताना नीट बघून घेतलं, जणू आता त्यांनाही मत द्यायचं होतं.

फाटकापाशी मागून चपला वाजल्या. मधुकर होता, डबा अजून हातातच.

"मी येऊ का उद्या?" त्यानं विचारलं. "सूत न्यायचं आहे, तर तिकडूनच..."

"सूत न्यायचं असन तर नका येऊ," कौसल्या म्हणाली. "मलेच भेटायचं असन तर या. मायसमोर, बाबांसमोर. अन् विचारायचं ते तुम्ही विचारा. मावशींनी नाही."

रस्त्यावर रुग्णाला घेऊन आलेली एक बैलगाडी आडवी लागली होती, आणि दोनचार माणसं ती वळवत होती. कौसल्येनं चित्र काखेत घट्ट धरलं आणि बैलांच्या बाजूनं वाट काढली.

"हो," मधुकर म्हणाला. मग त्याला ते पुन्हा, मोठ्यानं म्हणावं लागलं, कारण तोवर ती पार पुढच्या वळणापाशी पोचली होती.